औषधे सुरू झाल्यानंतरचे घर

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या औषधांनी भास ओसरू लागले की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. घरच्यांची खरी दमछाक मात्र, माझ्या मते, तिथूनच सुरू होते. कानात ऐकू येणारे आवाज थांबलेले असतात, तरीही मुलगा दुपारपर्यंत अंथरूण सोडत नाही, आंघोळ टाळतो, विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देतो, आणि मग 'आता याला काय धाड भरली आहे?' असे वडिलांच्या तोंडून निघून जाते. उमेद आटणे, भावना बोथट होणे हीदेखील या आजाराचीच लक्षणे असून औषधांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, हे त्या वडिलांना कोणी समोर बसवून सांगितलेलेच नसते.

ज्या घरात टीका, तिरस्कार किंवा अतिकाळजी जास्त, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. त्यावरून कुटुंबांनाच दोषी धरणारेही निघाले (दोष देणे नेहमीच स्वस्त पडते). पुढे ज्युलियन लेफ यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवले की, औषधे चालू ठेवून कुटुंबाला आजाराची माहिती आणि आधार दिला, तर आजार उलटण्याचे प्रमाण बरेच घटते.

यात शिकण्याच्या गोष्टी अगदी साध्या असतात. 'आवर एकदाचे' म्हणण्याऐवजी 'पाणी काढले आहे, टॉवेल आत ठेवला आहे' असे म्हणावे. शेजारी कट करत आहेत असे तो सांगू लागला, तर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. 'तुला भीती वाटते आहे, मी इथेच आहे' एवढे पुरते.

नातेवाइकांनी गंडेदोरे सुचवण्यापेक्षा आठवड्यातून एक दुपार रुग्णासोबत बसावे, म्हणजे त्याच्या आईला निर्धास्तपणे बाहेर पडता येईल. 'आमच्यामागे याचे काय?' हा प्रश्न तर अशाच दुसऱ्या कुटुंबांसमोर मोकळेपणाने बोलता येतो. म्हणून अशा कुटुंबांचे स्वमदत गट मला फार मोलाचे वाटतात.

डॉक्टरांकडे घरच्यांसाठी थोडा स्वतंत्र वेळ अवश्य मागावा. झोप उडणे, संशय वाढणे, गोळ्या टाळणे यांपैकी काय दिसले की कोणाला फोन करायचा, हे रुग्ण बरा असतानाच, त्याला सोबत घेऊन, कागदावर लिहून ठेवावे.