तुम्ही विचारलंत म्हणून: हो, फोटो एडिट करते

लग्नाचे फोटो काढते म्हटल्यावर दोन प्रश्न ठरलेले. लग्नघरचे विचारतात, "तुमच्या फोटोत सगळे सावळेच का दिसतात? एडिट नाही का करत?" आणि फोटोग्राफीतली मंडळी विचारतात, "एवढं एडिट कशाला? कॅमेऱ्यात आलंय ते ठेवा की." दोघांनाही एकदाच काय ते सांगते.

एडिट करते. फोटो काढण्यात जात नाही एवढा वेळ नंतर त्यांच्यावर बसण्यात जातो.

"कॅमेऱ्यात आलं तेच खरं," असं मीही एके काळी छातीठोकपणे सांगायचे. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, कॅमेऱ्यात आलं ते कुणी ठरवलं? कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेत बसवू बघतो. पांढऱ्या पडद्यापुढे सावळी मुलगी उभी राहिली की तो पडद्याला भुलतो आणि तिचा चेहरा काळवंडतो. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेला फोटो, घेतला तर रंग कॅमेऱ्याची कंपनी ठरवते; रॉ, म्हणजे कच्ची फाइल, घेतली तर मला ठरवावे लागतात. फिल्मच्या काळात तरी काय वेगळं होतं? रंग जुळवायला लॅबमध्ये कोडॅकचं जे नमुना कार्ड असायचं, त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा चेहरा होता. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीनं मनावर घेतली ती फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांची! आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स? अमेरिकेतले नावाजलेले निसर्ग-छायाचित्रकार. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेला चंद्र त्यांनी टिपला, आणि पुढची कित्येक वर्षं डार्करूममध्ये प्रिंट काढताना त्याचं आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. निगेटिव्ह तीच होती. त्यांना कुणी "एवढं एडिट कशाला" म्हणत नाही.

आता लग्नघरच्यांसाठी. आपली त्वचा, गोरी असो की काळी, सॉफ्टवेअरच्या हिशेबी बहुतेक नारिंगीत मोडते. उजळ करायचं तर नारिंगीचा उजेड वाढवायचा आणि गडदपणा थोडा कमी करायचा. क्षणाचं काम. पण झेंडूही नारिंगीच, आणि सोनं त्याच्या शेजारचं. चेहरा गोरा होत जातो तसतसा तोरणातला झेंडू शिळा दिसायला लागतो, मोहनमाळ पितळेची वाटते. मी करते ते वेगळं. कनातीची गुलाबी झाक गालावरून उतरवते, एलईडीची हिरवट छटा मानेवरून काढते, हळदीचा कपाळावर राहिलेला पिवळेपणा मात्र ठेवते. हे सगळं काढून झालं की मुलीचा रंग वर येतो. माझी म्हणून काही शैली असेल तर ती इथे आहे.

एका लग्नाचा अल्बम ठरवायला नवरी आणि तिची आई माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी शेतात वावरलेली, रंग तांबूस काळा, डोळे असे की बघत राहावं. मंगलाष्टकांच्या वेळचा तिचा एक फोटो माझ्या उभ्या कामातला सगळ्यात चांगला आहे असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं. आई म्हणाली, "ताई, जरा उजळ करा." दाखवण्यापुरता मी स्लायडर सरकवला. "अजून जरा." परत सरकवला. डोळ्यांखालची सावली गेली, नाकाची कड गेली. मी म्हटलं, "काकू, बघा, ही तुमची मुलगी राहिली का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कला करायचीये. आम्हाला तिला नांदवायचीये."

मला राग आला. मी स्वतः सावळी, माझ्या लग्नाच्या अल्बमात मी मैद्याची केलेली. हे सगळं मी तिथे बोलले. वाटलं होतं, मुलगी माझ्या बाजूनं बोलेल. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तुमचं बरोबर असेल ताई. पण फोटो माझा आहे ना?"

मी केलं नाही. फाइल्स दिल्या, त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. उरलेले पैसे आले नाहीत, ते मीही मागितले नाहीत.

तिच्या प्रश्नावर मी मनात खूप वाद घातलाय. फोटो तिचा, पण काम माझं, खाली नाव माझं. बरं, चेहरा कुणाचा? तिचाच. सासरी टोमणे मी ऐकणार नव्हते, ती ऐकणार होती. मग माझ्या तत्त्वाची किंमत तिनं का मोजावी? आणि प्रत्येक जण असंच म्हणत राहिला तर सावळ्या नवरीचा सावळा फोटो भिंतीवर लागणार कधी?

आता बुकिंगच्या कागदावर पहिली अट तीच असते: त्वचा उजळ करून मिळणार नाही. आगाऊ रक्कम घेण्याआधी नवरीशी एकटीशी बोलते. काहीजणी आई-आत्या कुणी जवळ नसतानाही म्हणतात, "मला उजळच हवेत." त्यांना मी दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर देते. त्यात त्यांचा मान राखते की माझी सुटका करून घेते, ते मला ठरवता आलेलं नाही. पण नारिंगीला हात लावणार नाही.