उडणारा हिरवा

न्हाणीघराच्या बाहेर ट्यूबलाइटखाली ओल्या भिंतीला एक पान चिकटलं होतं. आई म्हणाली, "ते काढून टाक रे." मी बोट लावलं तर पान उडालं, ट्यूबवर एकदा आपटलं आणि पुन्हा भिंतीवर येऊन चारही पंख सपाट पसरून बसलं.

पान नव्हे, हिरवा पतंग. पाचूसारखा वगैरे म्हणतात, पण हा पाचू नव्हे. पावसात पहिल्यांदा उगवलेल्या टाकळ्याचा हिरवा. पंखांवरून फिकट पांढरी रेघ गेलेली, आणि गंमत म्हणजे पुढच्या पंखावरची रेघ मागच्या पंखावर तशीच पुढे चालते. पतंग बसल्यावर कुणी पट्टी लावून आखल्यासारखी. मागच्या पंखाला इवलंसं टोक.

ह्याची अळी आमच्याच आंब्यावर वाढली असणार. ह्या कुळातल्या अळ्यांना पोटाखालचे पाय दोनच जोड्या, तेही पार शेपटीकडे. मधलं अंग अधांतरी. म्हणून शेपूट उचलून छातीशी आणायची, पाठीची कमान करायची आणि मग डोकं पुढे टाकायचं. वीत वीत मोजत चाललेली. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली ह्या पतंगांना नाव दिलं 'जिओमेट्रा', जमीन मोजणारे. त्याला अळीत मोजणीदार दिसला, आपल्या शेतकऱ्याला उंट. उंटअळी हे नाव मला तरी जास्त पटतं. (सोयाबीनवरची हिरवी उंटअळी मात्र ह्या घराण्यातली नव्हे. तिला पायांची एक जोडी जास्त, आणि तिचा पतंग तपकिरी.)

लिनियसने आणखी एक शिस्त घालून दिली होती. ज्यांच्या मिशा कंगव्यासारख्या, त्यांचं नाव 'आरिया'वर संपवायचं. ज्यांच्या दोऱ्यासारख्या, त्यांचं 'आटा'वर. युरोपातला मोठा हिरवा पतंग म्हणून 'पॅपिलिओनारिया'. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतं, तसं हे मिशांवरून आडनाव.

पुढे ह्या पतंगांच्या मागे लागलेली माणसंही एकेक भेटतात. आशिल गुने हा फ्रान्समधला वकील. १८५७च्या सुमारास त्याने आमच्या भिंतीवरच्यासारख्या पतंगांच्या गटाला 'थॅलॅसोडिस' म्हटलं, ग्रीकातल्या समुद्रावरून. फ्रान्सिस वॉकरने ब्रिटिश म्युझियमच्या पेट्यांतल्या हजारो किड्यांना नावं दिली, त्यातली कितीतरी दुबार. १८७४ साली तो गेला तेव्हा एका कीटकविषयक मासिकाने छापलं, की त्याच्या कीर्तीचा विचार करता हा माणूस वीस वर्षं उशिरा गेला. मृत्युलेखात! आपल्याकडे दशक्रिया होईपर्यंत तरी थांबतात.

आणि कर्नल चार्ल्स स्विन्हो. कलकत्त्यात जन्मलेला लष्करी माणूस. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली, त्यांत हा एक, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. दोनच वर्षांत स्विन्होने मुंबई-दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचं लिखाण लंडनला छापून आणलं. पुण्याच्या बंगल्यात रात्री दिवा लावून हा कर्नल चादरीवरचे पतंग टिपतोय, असं चित्र मी उगाच रंगवतो.

सगळ्यांत आवडता मात्र लुई बीथोव्हेन प्राउट. वडील संगीतशास्त्रातले मोठे नाव, म्हणून पोराचं हे असं नाव. घरात तानसेन म्हणून हाक मारायची आणि पोरगं पतंगांच्या मिशा तपासत बसायचं. (संगीतावरही लिहिलं त्याने, नाही असं नाही.) १९१२ साली त्याचा जगभरच्या हिरव्या पतंगांवरचा जाडजूड ग्रंथ आला.

गेल्या वर्षी मी एक पतंग प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता, भाचीला दाखवायला. सुकू नये म्हणून ओला कापूस घातला, हे माझं शहाणपण. ती आली चौथ्या दिवशी. डबी उघडली तर पतंग मेलेला आणि पंख जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे. "मामा, हिरवा कुठाय?" रंग उडाला, असं सांगितलं तर ती वर छताकडे बघायला लागली.

नंतर वाचलं, की ह्यांच्या हिरव्याला ओल अजिबात सोसत नाही. १९९४ साली संशोधकांनी ते रंगद्रव्य वेगळं काढून तपासलं, तर ते बहुधा हरितद्रव्यापासूनच झालेलं. म्हणजे अळीने खाल्लेलं पान पंखावर आलं, आणि पान वाळतं तसंच गेलं.

मग त्या मंडळींच्या पेट्यांत काय पोचत असेल? दमट बोटीतून आलेले, टाचणीला टोचलेले, पिवळटलेले पंख. रंगावर भिस्त ठेवायची सोयच नाही. म्हणून मिशा, पंखांच्या शिरा, पायांवरचे काटे.

परवाच्या पाहुण्याचा फोटो मी एका जाणकाराला पाठवला. उत्तर आलं: थॅलॅसोडिस नाहीतर पेलॅगोडिस, पोट उघडून पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. हे पेलॅगोडिस म्हणजे १९९६ साली थॅलॅसोडिसमधून वेगळं काढलेलं बिऱ्हाड. त्याचाही अर्थ समुद्रच.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"पोट फाडायला लागेल म्हणाले."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि पालीच्या आधी हात पोचवून तिने ट्यूब बंद केली.