एफेसस: खालच्या दारानेच आत शिरा

तुर्कस्तानातल्या एफेससला, म्हणजे उतारावरच्या प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष बघायला निघालेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: वरच्या दाराने शिरा, उतरत खाली या, दमणूक होत नाही. ज्यांची टूरची बस वर सोडते आणि खाली घ्यायला येते, त्यांचं ठीक आहे. आपलं आपण फिरणाऱ्याचा मात्र या सल्ल्याने खिसा कापला जातो.

सेल्चुक या जवळच्या गावाच्या बसस्टँडवरून डोल्मुश मिळते. म्हणजे आपली वडापच, फक्त माणसं कमी कोंबतात. ती खालच्या दाराशी सोडते. वरचं दार रस्त्याने तीनेक किलोमीटर लांब, आणि सगळी लूट याच तीन किलोमीटरची आहे. उतरताक्षणी एक टॅक्सीवाला आला. खालची तिकीटखिडकी आज बंद, वर फुकट सोडतो, म्हणाला. गाडी थांबली ती चामड्याच्या जाकिटांच्या दुकानासमोर. सफरचंदाचा चहा, जाकिटं अंगावर चढवून बघण्याचा आग्रह, पाऊण तास गेला. काही घेतलं नाही म्हटल्यावर त्या ‘फुकट’ फेरीचे पैसे मागितले, तेही युरोत! खालची खिडकी उघडीच होती, हे शेवटी बाहेर पडताना दिसलं.

तेव्हा सरळ खालूनच आत जा, वरपर्यंत चढा आणि त्याच वाटेने परत या. रायगड चढलेल्या माणसाला ही चढण म्हणजे काहीच नाही. शिवाय क्रूझवाल्यांचे जथे कुशादासी बंदराहून येतात आणि वरून खाली सरकतात. सकाळी दार उघडताच खालून शिरलात, तर ते पोचायच्या आत सेल्ससचं ग्रंथालय जवळजवळ रिकामं मिळतं. दुसऱ्या शतकातली ही इमारत एका रोमन अधिकाऱ्याच्या मुलाने बापाच्या स्मरणार्थ बांधली, बापाची कबर खालीच आहे. भूकंपात कोसळलेली दर्शनी भिंत 1970च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा उभी केली. फोटो पाहून गेलो होतो, तरी तोंडाचा आ झाला.

आतल्या क्युरेटीज नावाच्या जुन्या रस्त्याचा संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालाय. चप्पल नको, तळ झिजलेले बूटही नकोत. सावली शून्य. स्वच्छतागृहं दारांपाशीच, पाणी आधी भरून घ्या.

टेरेस हाउसेसचं तिकीट वेगळं आहे आणि लोक तिथेच काटकसर करतात. चूक! छताखाली जपलेली श्रीमंत रोमनांची घरं, भिंतींवरची चित्रं, जमिनीवरची मोझेक, वर काचेच्या वाटा. जिने बरेच आहेत. अख्ख्या एफेससमध्ये पैसे इथे वसूल होतात. सुमारे 25,000 माणसं मावणारं थिएटर भव्य आहेच, पण भर दुपारी त्याच्या पायऱ्या चढणं म्हणजे नुसता हट्ट.

दारापाशी कुणी ‘खणताना सापडलेली’ नाणी दाखवली तर पुढे चालू लागा. खोटी असली तर पैसे गेले, खरी असली तर तुर्कस्तानातून बाहेर नेणं गुन्हा आहे.



परतताना डोल्मुशही नको, सेल्चुकपर्यंत झाडांच्या कडेने पायवाट आहे. वाटेत आर्टेमिस या ग्रीक देवीचं मंदिर लागतं. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आणि उरलाय एक खांब, तोही तुकडे जोडून उभा केलेला. दहा मिनिटं पुरेत. आर्टेमिसच्या मूर्ती सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत, तिथे मात्र वेळ ठेवा.