बीलेफेल्ड ते बर्लिन : तिसऱ्या लीगमधल्या माणसांची फायनल

श्टुटगार्टहून बर्लिनला जायचं तर सकाळी आयसीई या वेगवान गाडीत बसावं आणि दुपारी उतरावं, इतकं ते सोपं आहे. मी मात्र वाकडी वाट करून आधी बीलेफेल्डला गेलो. २४ मे २०२५ला बर्लिनमध्ये फुटबॉलच्या जर्मन कपची, म्हणजे डीएफबी पोकालची फायनल होती. एका बाजूला श्टुटगार्ट आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या लीगमधली आर्मिनिया बीलेफेल्ड. पुण्याहून नोकरीसाठी आल्यापासून श्टुटगार्ट माझं गाव झालंय आणि तिकीटही व्हीएफबी श्टुटगार्ट क्लबचा सभासद असलेल्या ऑफिसमधल्या मित्रामुळेच मिळालं होतं. तरी तिसऱ्या लीगमधली टीम कपच्या फायनलला पोहोचते म्हणजे तिच्या गावात काय चाललं असेल, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

बीलेफेल्डविषयी जर्मनीत एक जुना विनोद आहे, की असं शहर मुळात अस्तित्वातच नाही. १९९४पासून तो फिरतोय. २०१९मध्ये खुद्द शहरानेच जाहीर केलं होतं, की शहर नाही हे जो सिद्ध करेल त्याला १० लाख युरो देऊ. अर्थात बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आपल्याकडे मेयोनीजच्या बाटलीवर जिचं नाव दिसतं ती डॉ. ओटकर कंपनी मूळची इथलीच. बाकी टोयटोबुर्गचं जंगल, टेकडीवरचा श्पारेनबुर्ग किल्ला, एकेकाळचा लिननचा व्यापार, अशी त्याची ओळख. त्या शुक्रवारी मात्र ओळख एकच होती. बेकरीच्या काचेवर, औषधांच्या दुकानात, बाल्कन्यांवर सगळीकडे काळा-पांढरा-निळा झेंडा.

संध्याकाळी ट्रामने रुडॉल्फ ओटकर हालेला उतरलो आणि चालत स्टेडियमपाशी गेलो. कागदोपत्री त्याचं नाव काहीही असो, इथली माणसं त्याला ‘आल्म’ म्हणतात. राहत्या वस्तीत घुसलेलं स्टेडियम आहे ते. समोर घरं, घरांना छोट्या बागा, बागेत वाळत घातलेले कपडे, आणि रस्ता ओलांडला की स्टँडची भिंत. मॅच दुसऱ्या दिवशी आणि तीही ३०० किलोमीटरहून लांब, तरी गेटबाहेर माणसं उभी होती. काही करायला नव्हे, नुसतीच उभी.

ही टीम तिथवर कशी आली ते सांगायलाच हवं. २०२२मध्ये बीलेफेल्ड बुंडेसलिगातून, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधून खाली घसरलं आणि लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या लीगमधूनही. दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली. २०२३च्या उन्हाळ्यात जवळजवळ अख्खा संघ सोडून गेला आणि नवा कोच मिच क्नियाट याने तो नव्याने उभा केला. क्नियाट स्वतः पूर्वीचा गोलरक्षक, बीलेफेल्डशेजारच्या फेर्ल या छोट्या गावाच्या क्लबमधून आलेला. येताना तिथला मिडफिल्डर माएल कोर्बोझलाही घेऊन आला. कोर्बोझ अमेरिकेत जन्मलेला. त्याच्या डाफ्ने आणि रेचल या दोन बहिणीही व्यावसायिक फुटबॉलपटू. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधून निघालेला हा माणूस जर्मनीच्या खालच्या लीग तुडवत बीलेफेल्डचा कॅप्टन झाला.

आणि मग या टीमने कपमध्ये काय केलं बघा. पहिल्या फेरीत दुसऱ्या लीगमधल्या हानोवरला हरवलं. नंतर युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, वेर्डर ब्रेमेन. सेमीफायनलला समोर लेव्हरकुसेन, आदल्या मोसमात लीग आणि कप दोन्ही जिंकलेला संघ. १ एप्रिलला आल्मवर योनाथान टा याने १७व्या मिनिटाला लेव्हरकुसेनला आघाडी मिळवून दिली आणि तीनच मिनिटांत मारियुस वोर्लने ती फेडली. वोर्ल होता हानोवरकडून उसनवारीवर आलेला पोरगा. मध्यंतराच्या उंबरठ्यावर मॅक्सिमिलियान ग्रोसर या बचावपटूने दुसरा गोल केला आणि २-१ शेवटपर्यंत टिकलं. एकाच मोसमात बुंडेसलिगाचे चार संघ कपबाहेर काढणारी तिसऱ्या लीगमधली टीम याआधी झाली नव्हती. शिवाय त्याच मोसमात तिसऱ्या लीगचं विजेतेपद घेऊन त्यांनी वरची पायरीही गाठली.

जर्मन कपची ही रीत मला मनापासून आवडते. पहिल्या फेरीत ६४ संघ असतात. हौशी क्लब आणि बुंडेसलिगाचा संघ समोरासमोर आला, तर मॅच हौशी क्लबच्या घरी होते. परतीची मॅच नाही, गुणतक्ता नाही, एका दिवसात निकाल. जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखं आहे हे. नावाजलेला मल्ल असो की गावातला पोर, लंगोट लावून हौद्यात उतरायचं आणि पाठ कुणाची लागते ते सगळ्यांनी बघायचं.

शनिवारी सकाळच्या बर्लिन गाडीत उभं राहायला जागा नव्हती. माझ्या शेजारी सत्तरीच्या आसपासचे एक आजोबा होते. अंगात ९ नंबरची जुनी जर्सी, पाठीवर ‘क्लोस’. फाबियान क्लोस २०११मध्ये क्लब तिसऱ्या लीगमध्ये असताना आला, क्लबबरोबर वर चढला, बुंडेसलिगात खेळला, क्लबबरोबर खाली उतरला आणि तिथेच राहिला. आर्मिनियासाठी सगळ्यात जास्त गोल त्याचेच. २०२४मध्ये तो निवृत्त झाला, म्हणजे एका वर्षाने त्याची फायनल हुकली. आजोबांना ते लागलं होतं. “मैदानात नसला तरी माझ्या पाठीवर येतोय तो बर्लिनला,” असं म्हणून त्यांनी मला वळून जर्सी दाखवली. मग हानोवर येईपर्यंत त्यांनी क्लबच्या हुकलेल्या सेमीफायनल सांगितल्या. २००५ला बायर्न, २००६ला फ्रांकफुर्ट, आणि २०१५ला तिसऱ्या लीगमध्येच असताना आल्मवर वोल्फ्सबुर्गकडून ०-४. ते चार गोल त्यांना क्रमाने आठवत होते. थोड्या वेळाने ती गाडी वोल्फ्सबुर्गवरूनच गेली आणि अख्ख्या डब्याने खिडकीकडे तोंड करून यथेच्छ आरडाओरडा केला.

कपची फायनल १९८५पासून दरवर्षी बर्लिनमध्येच होते. म्हणून पहिल्या फेरीपासूनच प्रत्येक क्लबचे चाहते ‘आम्ही बर्लिनला चाललो’ असं ओरडत असतात. बहुतेकांचं ते ओरडण्यावरच राहतं. झू स्टेशनवर एस-बान या लोकल गाडीची वाट बघताना समोरच्या फलाटावर लाल-पांढरे श्टुटगार्टवाले होते आणि आमच्या फलाटावर काळे-निळे. दोन्हीकडून एकाच वेळी तेच चाललं होतं.

ऑलिम्पिक स्टेडियम बाहेरून वाटतं त्याहून आतून फार मोठं आहे, कारण त्याचा खालचा अर्धा भाग जमिनीच्या पोटात आहे. आपण दरवाजातून सपाटीवर आत जातो आणि मैदान एकदम १२ मीटर खाली दिसतं. भोवती निळा धावमार्ग, पश्चिमेला छताची कड तुटते तिथे मॅरेथॉन गेट आणि त्यामागे घंटेचा मनोरा. हे १९३६च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं, म्हणजे हिटलरच्या राजवटीचं प्रदर्शन. चुनखडीचे ते राखी खांब बघताना ती गोष्ट डोक्यातून जात नाही आणि जाऊही नये. याच संकुलातल्या हॉकी मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ हरवलं होतं. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. अमरावतीची पोरं त्या काळी बोटीने युरोप गाठून इथे मातीतला खेळ खेळली, हे आठवून मी तिथे चांगला पाच मिनिटं थांबलो. मागची माणसं पुढे ढकलत होती म्हणून हललो.

रात्री ८ वाजता मॅच सुरू झाली, बाहेर अजून लख्ख उजेड. सुरुवात बीलेफेल्डची होती. नोआ सारेनरेन बाझेचा अगदी जवळून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागला. ७४ हजार माणसांच्या मैदानात तो ‘ठण्ण’ आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू आला, हे मी शपथेवर सांगेन. चेंडू चार बोटं खाली असता तर पुढची रात्र वेगळी झाली असती. पण १५व्या मिनिटाला आंजेलो श्टिलरचा पास आला आणि निक वोल्टेमाडे एकटाच गोलरक्षकासमोर, १-०. २२व्या मिनिटाला एन्झो मियो, २-०. २८व्या मिनिटाला बीलेफेल्डच्या बचावातल्या चुकीवर डेनिझ उन्डाव, ३-०. अर्ध्या तासात खेळ खलास. माझ्या भोवतीचे लाल-पांढरे नाचत होते आणि मीही उभा होतो, पण नजर सारखी समोरच्या काळ्या-निळ्या टोकाकडे जात होती.

आता या गोल करणाऱ्यांचं मागचं आयुष्य बघा, म्हणजे मला एवढं सगळं का लिहावंसं वाटलं ते कळेल. उन्डाव हा ब्रेमेनजवळच्या आखिमचा. वेर्डर ब्रेमेनच्या युवा संघाने त्याला किशोरवयात काढून टाकलं. मग हावेल्से, ब्राउनश्वाइगचा दुय्यम संघ, आणि २०१८ ते २०२० मेपेन, तेही तिसऱ्या लीगमध्ये. तिथून बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतल्या युनियन सेंट-जिल्वाझकडे. क्लबला वर आणलं आणि वरच्या लीगमधल्या पहिल्याच मोसमात २६ गोल करून तो तिथला सर्वाधिक गोल करणारा ठरला. नंतर इंग्लंडमधलं ब्रायटन, मग श्टुटगार्ट, मग २०२४च्या युरो स्पर्धेसाठी जर्मनीचा संघ. वोल्टेमाडे तर खुद्द ब्रेमेनचाच, १.९८ मीटर उंच. वेर्डरने त्याला २०२२-२३मध्ये एल्व्हर्सबर्गला उसना दिला, तिसऱ्या लीगमध्ये. तिथे तो मोसमातला सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. तरी २०२४मध्ये वेर्डरचा करार संपल्यावर तो श्टुटगार्टला निघून गेला आणि वेर्डरला एकही पैसा मिळाला नाही. म्हणजे फायनलमधले श्टुटगार्टच्या चारातले दोन गोल ब्रेमेनच्या हातून निसटलेल्या पोरांचे, आणि तेच ब्रेमेन क्वार्टर फायनलला बीलेफेल्डकडून हरलेलं!

डावा बचावपटू मॅक्सिमिलियान मिटेलश्टेट बर्लिनचाच. हे स्टेडियम म्हणजे हेर्था बर्लिन या क्लबचं घर, आणि तो हेर्थातच वाढला. २०२३मध्ये हेर्था दुसऱ्या लीगमध्ये गेलं तेव्हा त्याने श्टुटगार्ट धरलं. तेव्हा त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. वर्षाच्या आत तो जर्मनीकडून खेळला.

कोच सेबास्टियान होनेसचीही हीच तऱ्हा. त्याचे वडील डीटर होनेस १९८२च्या कप फायनलमध्ये डोकं फुटलेलं असताना पट्टी बांधून खेळले आणि त्याच पट्टीवरून त्यांनी हेडर मारला. बायर्नने न्युर्नबर्गला ४-२ हरवलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच सेबास्टियानचा जन्म झाला. पुढे खेळाडू म्हणून तो याच शहरात हेर्थाच्या दुय्यम संघात खेळत राहिला, वरच्या संघापर्यंत काही पोहोचला नाही. एप्रिल २०२३मध्ये त्याने श्टुटगार्टची सूत्रं घेतली तेव्हा क्लब तळाला होता.

म्हणून ३-०ला मला तो श्रीमंत विरुद्ध गरीब असा सामना वाटेना. वरचे आणि खालचे म्हणून आपण ज्यांना वेगळं काढतो, त्यांच्यातलं अंतर दोन-तीन वर्षांचं आणि एखाद्या चांगल्या कोचचं असतं. मेपेनच्या उन्डावला जे मिळालं, ते फेर्लच्या कोर्बोझला का मिळू नये, याचं उत्तर कुशलतेत पूर्णपणे सापडत नाही. वय, दुखापती, योग्य वेळी आलेला एखादा फोन, सगळंच त्यात येतं.

६६व्या मिनिटाला मियोने चौथा मारला. श्टुटगार्टवाल्यांनी १९९७नंतरच्या पहिल्या कपचा जल्लोष सुरू केला. तेव्हाही फायनलला समोर तिसऱ्या श्रेणीतलाच संघ होता, एनर्जी कॉटबुस. पण बीलेफेल्डचं गाणं थांबलं नव्हतं. ८२व्या मिनिटाला बदली खेळाडू युलियान कानियाने गोल केला, ४-१. तीन मिनिटांनी श्टुटगार्टच्या योशा वागनोमानकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, ४-२. त्या दोन गोलांना जो आवाज उठला तसा त्या रात्री दुसऱ्या कशालाच उठला नाही, कप उचलला तेव्हासुद्धा नाही. माझ्या पायाखालचं काँक्रीट हादरत होतं. पाच मिनिटं का होईना, श्टुटगार्टचे खेळाडू घड्याळाकडे बघत होते.

लीगमध्ये नववा आलेला श्टुटगार्ट या कपमुळे युरोपा लीगला गेला. उन्हाळा सरेपर्यंत वोल्टेमाडे न्यूकॅसलला आणि मियो सौदीच्या अल अहलीला गेला. बीलेफेल्डचा लुई ओप्पी झांक्ट पाउलीमार्फत बुंडेसलिगात पोहोचला, आणि मला त्याचा विशेष आनंद झाला. ऑगस्टमध्ये नव्या मोसमाच्या कपची पहिली फेरी झाली. चिठ्ठीत बीलेफेल्डला आल्मवर पुन्हा वेर्डर ब्रेमेन आलं. बीलेफेल्डने ती मॅच १-० जिंकली.