तुम्ही विचारलंत म्हणून: रोबो लावले की गोदाम मोठं होतं का?

भिवंडीत गाळा भरला आणि शेजारचा परवडेना, की हा प्रश्न हमखास येतो: "ऑनलाइन ऑर्डरी वाढल्यात, रोबो लावले तर आहे त्याच जागेत भागेल का?" भागेल. पण आधी काय तुंबलंय ते बघा. माल ठेवायला जागा नाही, की ऑर्डरी वेळेत बाहेर पडत नाहीत? दुखणी दोन, औषधंही दोन.

जागा कमी असेल तर टेप घेऊन गल्ल्या मोजा. पाठीला पाठ लावलेले दोन रॅक 2.2 मीटर धरले आणि रिच ट्रक (उंच रॅकवर माल चढवणारी फोर्कलिफ्ट) वळायला 3 मीटरची गल्ली, तर निम्म्याहून जास्त जमीन वाटेतच गेली. ऑटोस्टोअरसारख्या पद्धतीत गल्लीच नसते. पेट्या एकावर एक, 16 पर्यंत रचतात. वरच्या रुळांवर रोबो फिरतात आणि हवी ती पेटी उपसून टेबलापाशी आणतात. पेटीत 30 किलोपर्यंत माल. मोबाइल कव्हरं, क्रीमच्या डब्या, सुटे भाग यांना झकास, गाद्या-सायकलींना नाही.

तळाची पेटी हवी असेल तर वरच्या पंधरा हलवाव्या लागतात. रोज खपणारा माल आपोआप वर राहतो, म्हणून एरवी हे जाणवत नाही. दिवाळी सेलला मात्र वर्षभर तळाशी पडलेल्या दिव्यांच्या माळांना एकदम मागणी येते आणि रोबो नुसते उकरत बसतात. ही उचकापाचक आदल्या रात्रीच उरकायची.

ऑर्डरी अडकत असतील तर पिकरची, म्हणजे रॅकमधून माल काढणाऱ्या माणसाची, पायपीट वाचवा: रॅक उचलून आणणारे रोबो चालतील. फरशी मात्र सपाट आणि स्वच्छ हवी. धुळीने जमिनीवरचा क्यूआर कोड वाचता आला नाही, की रोबो जागीच उभा आणि मागे रांग. शिवाय स्टेशनवरून, म्हणजे पिकर उभा असतो त्या जागेवरून, तासाला 300 नग निघाले आणि पॅकिंगवाला तासाला 50 पार्सलं बांधत असेल, तर एकेक नगाच्या ऑर्डरींना प्रत्येक स्टेशनमागे पॅकिंगची सहा टेबलं लागतील. हा हिशेब बहुतेक कोटेशनांत नसतो.

सगळ्यात कंटाळवाणं काम मापांचं, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची, वजन वेष्टनासकट मोजून भरा. सिस्टीम म्हणते पेटीत 12 मावतील, मावतात 9. उरलेले तीन नग माणूस स्कॅन न करता शेजारच्या पेटीत टाकतो. कागदोपत्री माल आहे, हाताला लागत नाही, आणि आत शिरून शोधायला आता गल्लीही उरलेली नसते.