शंभरावी उडी आणि तोंडावर क्रीम: पेरिस व्हॅलीचा वृत्तांत

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला, रिव्हरसाइड काउंटीत पेरिस नावाचं गाव आहे. फ्रान्सचं पॅरिस वेगळं, हे वेगळं. उघडेबोडके तपकिरी डोंगर, रेल्वेचं एक छान संग्रहालय आणि गावाच्या कडेला छोटा विमानतळ, एवढंच. पण स्कायडायव्हिंगवाल्यांसाठी हे मोठं ठिकाण. भाचीची शंभरावी उडी इथे व्हायची होती, म्हणून मी आणि ठाण्याहून आलेली ताई, म्हणजे तिची आई, असे दोघे तिच्या मागे गेलो. उडीची तांत्रिक माहिती शोधली की सापडते. तिथल्या लोकांच्या चालीरीती मात्र आधी कुणी सांगत नाही, आणि त्या माहीत नसल्या तर खिशाला चाट बसते. म्हणून हे लिहितोय.

91 नंबरच्या रस्त्याने पूर्वेला जाऊन 215 वरून दक्षिणेला वळायचं. वाटेत आर्टेशियाला उतरून पायोनियर बुलेव्हार्डवरून फरसाण, भाकरवडी घेतली तर फार उपयोग होतो, का ते पुढे येईल. मेट्रोलिंकची रेल्वेही पेरिसपर्यंत येते, पण गाड्या विरळ आहेत. स्वतःची गाडी असलेली बरी.

आता मुख्य नियम. ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावर, कुणीही काहीही पहिल्यांदा केलं की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. पहिली एकट्याने मारलेली उडी, हेलिकॉप्टरमधून पहिली उडी, रात्रीची पहिली, नवीन पॅराशूटवरची पहिली, परवाना मिळाला ती, राखीव पॅराशूट उघडावं लागलं ती. तुमच्या तोंडून "पहिल्यांदाच" निघायचा अवकाश, शेजारचा माणूस "बिअर!" म्हणून ओरडतो आणि दंड कायम होतो. भाचीने गाडीतच बजावलं होतं, "मामा, तिथे कशालाही पहिलं म्हणायचं नाही. मनात म्हण." मी टँडेम उडी मारणार होतो, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायची उडी, तेव्हा पहिलेपण लपणं शक्यच नव्हतं. त्यामुळे 24 बाटल्यांचा खोका आधीच डिकीत टाकला होता. टँडेमवाल्या पाहुण्याला बरेचदा माफी असते, पण खोका घेऊन गेलात तर तुम्ही पाहुणे उरत नाही. न पिणाऱ्यांनी बिचकू नये, आइस्क्रीमही चालतं. भाकरवडी तर बिअरच्या आधी संपली.

बहुतेक ठिकाणी उतरण्याच्या मैदानाच्या कडेला एक रेघ असते, तिला बिअर लाइन म्हणतात. उडी न मारणाऱ्याने ती ओलांडली की त्याला दंड. हा दंड वरकरणी गमतीचा, पण पॅराशूटखाली येणारा माणूस बराच वेगात असतो आणि मध्ये कुणाचं पोर धावत आलं तर दोघांचीही हाडं मोडतील. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मला वाटतं, यांची निम्मी थट्टा अशीच कामाची आहे. पहिलेपणाचा दंड घ्या. त्यामुळे होतं काय, तर कोण आज काहीतरी नवीन करतोय हे मैदानावर सगळ्यांना कळतं. मग जुनी माणसं आपणहून येऊन दोन प्रश्न विचारतात, वाऱ्याचा अंदाज सांगतात. भाचीने काही दिवसांपूर्वी आधीपेक्षा लहान पॅराशूट घेतलं तेव्हा बिअर मागणाऱ्यांनीच तिला बसवून ते कसं उतरवायचं ते समजावलं होतं.

विमान बहुतेक ट्विन ऑटर, वीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली. वर जाताना टवाळकी चालू असते. दार उघडायच्या जरा आधी एक विधी होतो: प्रत्येक जण आवाक्यातल्या प्रत्येकाच्या तळव्यावर तळवा घासतो आणि मग मुठीवर मूठ टेकवतो. माझाही हात पुढे ओढून करून घेतला. त्याच वेळी एकमेकांच्या पाठीवरच्या पिना, पट्टे, हँडल तपासून होतात. विमान जमिनीवर असल्यापासून साधारण 1,500 फुटांपर्यंत मात्र सगळे पट्टा बांधून आणि हेल्मेट घालून बसतात, आणि तिथे कुणी सूट मागत नाही.

त्यामागे याच धावपट्टीवरची गोष्ट आहे. 22 एप्रिल 1992 रोजी उड्डाण करतानाच इथलं ट्विन ऑटर कोसळलं आणि 16 जण गेले. इंधन दूषित झालं होतं, एक इंजिन बंद पडलं. तेव्हा पट्टे बांधायची सवय नव्हती, त्यामुळे माणसं एकमेकांवर आदळली. या अपघातानंतर पट्ट्याची शिस्त सगळीकडे पक्की झाली. वाचलेल्यांपैकी डॅन ब्रॉडस्की-चेनफेल्ड यांची मान मोडली होती, ते कोमात होते. पुढे ते परत उडी मारायला लागले आणि सांघिक स्पर्धेत जगज्जेते झाले. हे सगळं मी ताईला परतल्यावर सांगितलं, आधी नाही. तुम्हीही तसंच करा.

शंभरावी उडी. अमेरिकेत परवान्यांच्या पायऱ्या आहेत: 25 उड्यांना ए, 50 ला बी, 200 ला सी, 500 ला डी. शंभरला कागदोपत्री काहीच मिळत नाही, पण मंडळी ती सोडत नाहीत. काही जण ही उडी कपड्यांशिवाय मारतात. ताईने हे ऐकलं आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागली. भाचीने सात-आठ जण मिळून हातात हात धरून गोल करायची उडी ठरवली होती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. जमिनीवर मात्र सुटका नाही. क्रीमने भरलेली थाळी तोंडावर बसते, कोण मारणार ते शेवटपर्यंत कळत नाही. पॅराशूट गोळा करून ती चालत येत होती, तिच्या प्रशिक्षकाने हसत मिठी मारायला हात पसरले आणि मागून दुसऱ्याच बाईने काम केलं. त्याआधी तिसऱ्याने तिच्या खांद्यावरचं पॅराशूट काळजीपूर्वक उतरवून घेतलं होतं. हीच यांची हद्द आहे: माणसाची कितीही खोडी काढा, त्याच्या सामानाला हात लावायचा नाही. पाहुण्यांनाही तेच लागू. जमिनीवर पसरलेल्या दोऱ्यांवर पाय देऊ नका, पेय घेऊन जवळ जाऊ नका, लाल दिसणारं हँडल ओढून बघू नका. राखीव पॅराशूट सरकारी परवाना असलेला रिगर घडी घालतो, आणि ते कधी उघडावं लागलंच तर उडी मारणारा त्या रिगरला त्याच्या आवडीची दारूची बाटली नेऊन देतो. या रिवाजाबद्दल कुणीही विनोद केला नाही.

शेवटचं विमान वर गेलं की बऱ्याच ठिकाणी हिरवा दिवा लागतो, तो बिअरचा दिवा. त्याआधी ज्याला आज अजून उडायचंय तो ग्लासाला शिवत नाही. पेरिसला मैदानालगतच बॉम्बशेल्टर नावाचं रेस्टॉरंट आहे, पोहण्याचा तलाव आहे, तरंगायच्या सरावासाठी हवेच्या झोताचा बोगदाही आहे. संध्याकाळी टेबलं जोडून सगळे बसले. चाळिशी उलटलेल्यांचा पॉप्स, साठीच्या पुढच्यांचा सॉस आणि ऐंशीच्या पुढच्यांचा जोज असे यांचे गट आहेत, आणि जोजचा सदस्य आला की बाकीचे खुर्ची देतात. कुणी गेलं तर त्याच्या अस्थी विमानातून वर नेऊन उडी मारताना हवेत सोडतात. हे एका वयस्क बाईने मला अगदी सहज सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात चटणीची चौकशी केली.

मग मी आपली बाजू मांडली. पुण्याच्या शीतल महाजनने आयुष्यातली पहिलीच उडी 18 एप्रिल 2004 ला थेट उत्तर ध्रुवावर मारली, रशियन हेलिकॉप्टरमधून, उणे 37 अंशांत. 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी घेतली. टेबलावर हिशेब सुरू झाला: पहिली उडी एक, पहिलं हेलिकॉप्टर दोन, पहिला ध्रुव तीन, पहिली नऊवारी चार. नऊ वाराचे नऊ खोके लावावेत असाही प्रस्ताव आला. ताई तेवढ्यात म्हणाली, "कासोटा असतो, सुटायचं काही कारण नाही," आणि मग तिला टिश्यूवर आकृती काढून नऊवारी कशी नेसतात ते दाखवावं लागलं. दिवसभर डोळे मिटून बसलेली बाई रात्री उठायला तयार नव्हती.

टँडेमचं थोडक्यात. वय 18 पूर्ण हवं, ओळखपत्र न्या, वजनाची मर्यादा नोंदणी करतानाच विचारा. सकाळची वेळ घ्या, दुपारी वारा वाढला की तासन् तास बसावं लागतं; मे-जूनमध्ये उलट सकाळी ढग असतात. उन्हाळ्यात तापमान 38 अंशांच्या वर जातं, टोपी आणि पाणी न्या. बांधायच्या लेसचे बूट घाला. हलकं खाऊन जा, उपाशी गेलात तर जास्त मळमळतं. आदल्या दिवशी समुद्रात स्कूबा केलं असेल तर 24 तास थांबा. स्वतःचा कॅमेरा नेऊ देत नाहीत, परवानाधारकांनाही साधारण 200 उड्यांनंतरच तो लावायचा सल्ला असतो. साधारण 12,500 फुटांवरून मिनिटभर पडायचं आणि मग पाचेक मिनिटं पॅराशूटखाली. पडताना पोटात गोळा येत नाही, तो दारात पाय बाहेर काढताना येतो.

खाली थांबणाऱ्या आई-वडिलांसाठी: आपल्या मुलीचा लोड नंबर, म्हणजे विमानाच्या फेरीचा नंबर, आणि पॅराशूटचे रंग आधी विचारून ठेवा. मोठी टँडेमची पॅराशूट बरेचदा शेवटी खाली येतात, म्हणून मोजत बसून जीव घाबरा करू नका.

आणि तुमच्या घरात कुणाची शंभरावी उडी असेल तर थाळीत खायचंच क्रीम भरा, दाढीचा फेस डोळ्यांत झोंबतो. गॉगल काढायच्या आधी मारा. गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरा, कारण केसांत राहिलेलं क्रीम उन्हात आंबतं आणि 91 वर रविवारी संध्याकाळी गर्दी असते.