चारही चाकं जमिनीला

१४ जून

रात्रपाळी संपवून साडेआठला घरी आलो. आंघोळ, चहा झाला. झोपायच्या आधी एकदा बघू म्हणून खोकं उघडलं आणि अकरा कसे वाजले कळलं नाही.

प्लास्टिकचे भाग जोडून छोटी गाडी करायचं हे किट, छंद सोडलेल्या एका गृहस्थांकडून घेतलं, ठाण्यातच, नौपाड्यात जाऊन. वर्षभर बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. विलीज जीप, दुसऱ्या महायुद्धातली, एकास सोळा मापाची. आजवर मी एकास पस्तीसच्याच गाड्या केल्या. त्या मापात जीप जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरची होते, तळहातावर मावते. ही पुरी झाली की एक वीत भरेल. स्टीअरिंग दहा रुपयांच्या नाण्याएवढं आहे. नाणं शेजारी ठेवून बघितलं, बरोबर तेवढंच.

ही म्हणाली, "अहो, रात्रभर गाडी आणि दिवसा परत गाडीच?"

म्हटलं, "ही पण पेशंटचीच गाडी करणार आहे." तशी ती हात पुसून शेजारी बसली आणि एकेक स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, उजेडात धरून बघायला लागली.

युद्धातली जीप म्हटलं की लोक मशीनगन लावलेली करतात. मी स्ट्रेचरवाली करणार आहे. इटलीत आणि ब्रह्मदेशात जीपवर लोखंडी चौकट चढवून, तिच्यावर स्ट्रेचर बांधून जखमींना मागे आणत. मोठी अँब्युलन्स जिथे चढू शकत नव्हती तिथपर्यंत हीच जायची. बारा वर्षं मी अँब्युलन्स चालवतोय. दुसरी कुठली गाडी करणार मी?

१७ जून

सुट्टी. पाऊस थांबून थांबून.

मी गाडी शिकलो ती मामाच्या जीपवर, माणगाव तालुक्यात. जुनी महिंद्रा, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. बाजाराच्या दिवशी माणसं आणि भाजी, एरवी वाळू, सिमेंट, काय मिळेल ते. सतरा वर्षांचा असताना एका रात्री वाडीवरची बाळंतीण न्यायची होती. मागे गोधडी टाकून तिला झोपवलं, सासू डोकं धरून बसली. मामा अख्खा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेला. मला घाई झालेली. मी म्हटलं, मामा, रस्ता बरा आहे की इथे. तो म्हणाला, "रस्ता कसा आहे ते मागे झोपलेल्याला विचार. पुढच्याला नाही कळत."

माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांची तुकडी मशीनगनच्या तोंडी सापडली. तुकडीचा नायक सोडला तर बाकीचे सगळे मेले किंवा घायाळ झाले. तो नायक म्हणजे हेच. एकटे मोर्चावर धावून गेले, मशीनगन बंद पाडली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच गोळ्या लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. लहानपणी त्या पुतळ्यासमोर मी मामाच्या जीपमध्ये बसून पॅसेंजर भरायची वाट बघायचो. इटली कुठे आहे हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता टेबलावर जीप आली आणि दोन्ही आठवणी एकत्र आल्या. त्यांच्या तुकडीतले जे घायाळ झाले, त्यांना त्या डोंगरातून खाली कुणी आणलं असेल?

२२ जून

चेसीला सुरुवात. पुढच्या बाजूचा आडवा दांडा गोल पाइपचा आहे. हे खास विलीजचं. फोर्डने याच जीपा बनवल्या तेव्हा तिथे दाबलेल्या पत्र्याचा दांडा घातला. बाकी भाग इकडचे तिकडे सहज बसत, म्हणूनच तर दोन कारखाने मिळून सहा लाखांवर गाड्या निघाल्या. १९४० साली अमेरिकी सैन्याने पहिला नमुना मागितला होता अवघ्या ४९ दिवसांत. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो दिलाही. पण तिचा कारखाना एवढा माल काढायला पुरणार नव्हता, आणि मोठी कामं विलीजला आणि फोर्डला गेली. त्या बँटमवाल्यांचं मला वाईट वाटतं.

कमानपाटे चार. प्रत्येक पाट्याची पानं वेगळी दिसतात, इतकं स्वच्छ मोल्डिंग. हात लावतानाच कळतं की हे पाटे ताठ आहेत. कागदावर ही पाव टनाची गाडी. दोन जखमी, एक ड्रायव्हर, एक मदतनीस, एवढ्यातच पाव टन झाला की.

२३ जून

घात झाला.

चाकं नुसती अडकवून चेसी आरशावर ठेवली. आरसा सपाट असतो, म्हणून मी तोच वापरतो. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघितली. तीन चाकांखाली अडली. मागच्या डाव्या चाकाखालून आरपार गेली. बोटाने दाबलं की ते टेकतं आणि पुढचं उजवं उचललं जातं. चेसी पिळली गेलीय. काल रात्रीची पाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, तरी चिकटवत बसलो. क्लॅम्प लावायचा कंटाळा केला.

प्लास्टिकचं सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. ते दोन्ही भाग वितळवून एक करतं. सोडवायचं तर कापावंच लागतं.

लेक म्हणाली, "बाबा, एवढंसं तर आहे. चिखल लावलात की झाकलं जाईल."

झाकलं जाईल हे खरं आहे. पण स्ट्रेचर नेणारी गाडी आणि तिचं एक चाक अधांतरी, हे मला रोज दिसत राहील.

२६ जून

बारीक करवतीने मागचा आडवा दांडा आणि दोन्ही पाट्यांचे कान कापले. एका पाट्याचं शेवटचं पान तुटलं, ते प्लास्टिकच्या पट्टीतून नवं घडवलं, पॉलिश पेपर मारून. या वेळी चेसी आरशावरच टेपने आवळली आणि चोवीस तास हात लावला नाही.

आज संध्याकाळी पट्टी चारही चाकांखाली अडली. हिला बोलावून दाखवलं. तिने स्वतः पट्टी सरकवून बघितली.

२ जुलै

कासारवडवलीहून एक आजी. खुब्याचं हाड मोडलेलं. घोडबंदर रोडचं पहिल्या पावसानंतर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागचे हॉर्न मारतात, एक जण काच खाली करून ओरडला, सायरन लावून बैलगाडी चालवतोस का. त्याला दिसत नाही मागे कोण आहे. खड्डा चुकवता आला नाही की आजी ओरडत नव्हत्या, नुसता श्वास आत ओढत होत्या, आणि तो मला पुढे ऐकू यायचा. ब्रदर त्यांचा हात धरून होता.

हार्टची केस असली तर पळवायची असते. हाड मोडलेलं असलं तर गाडी अलगद न्यायची असते. या धंद्यातलं निम्मं शहाणपण हेच.

जीपमध्ये तर मध्ये काचही नाही. स्ट्रेचर ड्रायव्हरच्या पाठीला लागून. प्रत्येक हुंदका त्याच्या मानेवर पडत असणार.

७ जुलै

आज प्रायमर मारला आणि वर पांढरी राख फासल्यासारखा थर आला. हवा ओली असली की असं होतं. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्याच्यावर बसते. कॉम्प्रेसरच्या फिल्टरच्या वाटीत बोटभर पाणी साचलं होतं. ठाण्यात जुलैत रंगवायचं तर दुपारचा कोरडा तास धरावा लागतो, नाहीतर सावकाश उडणारा थिनर. नुसत्या थिनरचा हलका हात फिरवला तसा बराचसा पांढरेपणा गेला. उरलेला घासून काढीन.

१३ जुलै

इंजिन बसलं. चार सिलिंडर, साठ हॉर्सपॉवर. स्पार्कप्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या केल्या, जुन्या चार्जरमधली.

आज या गाडीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट केली. जीपचे हेडलाइट बिजागरीवर आहेत. विंगनट सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि त्याचा उजेड इंजिनवर पडतो. म्हणजे ज्याने ही गाडी आखली त्याने अंधारात, आडरानात बॉनेट उघडून उभा राहिलेला ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणला होता. मी मोबाइल दातात धरून फ्यूज बदललेत. मला कळतं हे काय आहे ते.

आणि त्याच माणसांनी पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवली. टाकी भरायची तर ड्रायव्हरने उठायचं. टाकीवर बसून तोफांच्या माऱ्यातून गाडी चालवायची. टाकी रंगवून सीट वर ठेवली तेव्हा हात जरा थांबला.

उजवा दिवा मी फिरवता येईल असा ठेवलाय. बिजागरीला गिटारच्या बारीक तारेचा तुकडा.

२१ जुलै

स्ट्रेचर किटमध्ये नाहीत, ते मीच करतोय. खरं स्ट्रेचर सव्वादोन मीटरच्या थोडं वर, म्हणजे माझ्या मापात साडेचौदा सेंटीमीटर. गाडी एकवीसची. चौकटीवर ठेवून बघितलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की जखमीचे पाय गाडीच्या किती बाहेर येत असतील. दांड्यांना बांबूच्या काड्या, कापडाला टिश्यू पेपर, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून. ओला असतानाच मध्ये किंचित दाबला. माणूस उचलून नेलेल्या कापडाला मध्ये पोट येतं, ते कोरं करकरीत राहत नाही.

स्ट्रेचर करताना दिवसभर नामदेव जाधव डोक्यात होते. नगर जिल्ह्यातले, त्याच पाचव्या मराठाचे, शिपाई, कंपनीचे निरोपे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. सोबतची माणसं पडली. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग शत्रूच्या मशीनगनांवर चालून गेले, हाताला गोळी लागली तरी हातबॉम्ब टाकत राहिले. वय २३. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत घरी आले.

दोन फेऱ्या. पहिली फेरी करताना पाण्यात काय आहे ते माहीत नसतं. दुसरी माहीत असून करायची. जीप बांधाच्या अलीकडे, जिथे चाक चालतं तिथे. त्यापुढे माणसाची पाठ.

४ ऑगस्ट

रेड क्रॉसचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, लावले. पांढऱ्या चौकोनात तांबडी फुली. कोमट पाण्यात भिजवून, ब्रशने सरकवून, कापडाने टिपून. मॅट रंगावर डेकलखाली हवा राहते आणि कडेने चंदेरी दिसतं, म्हणून आधी तेवढ्या जागेपुरता चकाकता थर दिला होता. एक फुली केसभर तिरकी आहे. तशीच ठेवली. त्या दिवसांत फुल्या हातानेही रंगवल्या जात.

१० ऑगस्ट

चिखल. सकाळी पाळी संपल्यावर माझ्याच गाडीभोवती फेरी मारून बघितलं. पुढच्या चाकामागे चिखल जाड, उभ्या रेघांत. मागच्या दरवाजावर नुसते तुषार, आणि हँडलच्या भोवती हाताने पुसलेली स्वच्छ जागा. तसंच केलं. चाकांना, पाट्यांना, मडगार्डच्या आतून. चौकटीच्या कडा जिथे हात लागतात तिथे रंग घासून पत्रा उघडा केला. स्ट्रेचरवर चिखलाचा एक थेंब नाही.

लेकीने विचारलं, "यावर माणूस नाही ठेवणार?"

"नाही. गाडी आत्ता परत आलीय."

ट्रिप संपली की आम्ही काय करतो ते तिला सांगितलं. स्ट्रेचर पुसायचं, चादर बदलायची, पट्टे बांधायचे, ब्लँकेट पायाशी. ब्लँकेटची घडी तीन पदरी, कड वर, म्हणजे अंधारात हात घातला तरी एका ओढीत उलगडतं. तिने टिश्यूचे दोन तुकडे कापून दिले, मी राखाडी रंगात बुडवले. चिमट्याने घडी घालताना पहिले दोन्ही फाटले. तिने आणखी कापले. एक बसलं, तीन पदरी, कड वर. दुसऱ्या स्ट्रेचरचं तिने स्वतः बसवलं आणि माझ्यापेक्षा सरळ बसवलं.

शेवटी गाडी आरशावर ठेवून पुन्हा कागदाची पट्टी फिरवली. चारही चाकांखाली अडली. सात वाजलेत, आठची पाळी. डबा भरून झालाय.